नोमच्या टोपीला घरचंच कापड

तुळशीचं लग्न लागलं की नागपुरात ब्लाउजांची घाई सुरू होते. माझ्या मशीनच्या डाव्या अंगाला पैठण्यांचे आणि टसरचे ब्लाउजपीस मापाच्या चिठ्ठ्या टाचून रचलेले असतात. डिसेंबर लागला की उजव्या अंगाला दुसरा ढीग वाढायला लागतो. त्यात जुने स्वेटर, उसवलेले मफलर, शाळेचा ट्यूनिक, विरलेली नऊवारी, कुणाचा तरी खाकी शर्ट. हा ढीग नोमांचा.

नोम म्हणजे ते उंच टोकदार टोपीचे कापडी बुटके. डोळे टोपीत बुडालेले, टोपीच्या कडेखालून फक्त गोल नाक डोकावतं आणि नाकाखाली थेट जमिनीपर्यंत दाढी. सदरच्या दुकानांत नाताळच्या चांदण्या आणि घंट्या टांगायला सुरुवात झाली की त्यांच्या शेजारी हे पण ओळीने बसलेले दिसतात. मी छावणीत राहते. ब्लाउज शिवणं हा माझा धंदा. नाताळ आमच्या घरचा सण नाही, पण आमची गल्ली अशी की दिवाळीचा चिवडा जसा आमच्याकडून जातो, तशा डिसेंबरात शेजारून करंज्या, चकल्या आणि केक येतोच. निम्मी गिऱ्हाइकं सदर-मोहननगरची. त्यामुळे नाताळचं शिवणकाम माझ्याकडे पहिल्यापासून होतंच; चर्चला जायचे फ्रॉक, पडदे, टेबलावरचे रुमाल. नोम त्यात नंतर आले.

शेजारच्या वहिनींची मुलगी नोकरीला स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला. एका सुट्टीत तिने आईसाठी तिकडचा एक नोम आणला. वर्षभराने तो बुडाशी उसवला आणि वहिनी माझ्याकडे घेऊन आल्या. "दोन टाके घालून दे गं." मी दोन टाके घातले नाहीत, आधी तो अख्खा उकलून पाहिला. शिवणाऱ्या बाईच्या हातात नवी वस्तू आली की ती आतून कशी शिवली आहे ते पाहिल्याशिवाय राहवत नाही. टोपी जाड लोकरीच्या कापडाची, आतली शिवण हातशिलाईची, बुडाशी वजनाला सुके वाटाणे भरलेली छोटी पिशवी. नाक म्हणजे कापडाची एक चकती, कडेने धावदोरा घालून चुणलेली. मशीनची टीप फक्त एका जागी. मला ते काम फार आवडलं. शिवणाऱ्याने कुठेही घाई केलेली नव्हती.

मग त्या मुलीला फोनवर विचारलं की हा आहे तरी कोण. तिने सांगितलेल्या गोष्टी माझ्या डोक्यात इतक्या बसल्या की आता गिऱ्हाईक नोम घ्यायला आलं की मी त्याला त्या ऐकवतेच.

स्वीडनमध्ये याला टोमटे म्हणतात, नॉर्वे-डेन्मार्कात निस्से, फिनलंडात टोन्टू. जुन्या काळी तिकडे शेतावरच्या प्रत्येक घराचा एक टोमटे असे. तो त्या घराचा राखणदार. दिवसा दिसायचा नाही. रात्री गोठ्यात फिरायचा, गुरांना चारा टाकायचा, आवडत्या घोड्याच्या आयाळीच्या वेण्या घालायचा. घरात आळस किंवा गुरांची हेळसांड झालेली त्याला खपत नसे. या राखणीच्या बदल्यात त्याचं मागणं एकच. नाताळच्या आदल्या रात्री दुधात शिजवलेल्या तांदळाचा एक वाडगा, वर लोण्याचा गोळा. आपली तांदळाची खीरच म्हणा ना, साखर थोडी कमी. एकदा म्हणे त्याला वाडग्यात वर लोणी दिसलं नाही. रागाच्या भरात त्याने गोठ्यातली गाय मारून टाकली. मग परत येऊन खीर खाल्ली, तर लोणी तळाशी! तेव्हा इतका हळहळला की रातोरात कुठून तरी तशीच गाय आणून त्या खुंट्याला बांधली.

पोळ्याला बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरांच्या हातात लाकडी नंदी देणाऱ्या आम्हा विदर्भातल्या लोकांना गोठ्याचा राखणदार समजावून सांगावा लागत नाही. माझ्या सासूबाईंनी गोष्ट ऐकली आणि एवढंच म्हणाल्या, "मंग लोणी वरच ठेवायचं होतं ना बाईनं."

पण शिवणारी म्हणून मला खरी धरून ठेवणारी गोष्ट दुसरी आहे. एका घरचा टोमटे रात्री पीठ चाळायचा. त्या घरचं पीठ कधी सरायचंच नाही. घरच्या बाईने एकदा लपून पाहिलं, तर त्याचे कपडे फाटून लोंबत होते. तिला दया आली. तिने नवेकोरे कपडे शिवले आणि चाळणीजवळ ठेवले. टोमटेने ते घातले, स्वतःला न्याहाळलं, खूश झाला. मग चाळायला लागला तर पीठ कपड्यांवर उडालं. त्याने चाळणी फेकली. एवढ्या छान कपड्यांत आता मी पीठ चाळणार नाही, म्हणाला, आणि गेला तो गेलाच.

जुन्या वर्णनात त्याचे कपडे राखाडी, घरी विणलेल्या भरड लोकरीचे. टोपी तेवढी लाल. 1881 मध्ये येन्नी न्यूस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश चित्रकर्तीने एका मासिकासाठी त्याची चित्रं काढली आणि पुढे वर्षानुवर्षं नाताळच्या कार्डांवर काढत राहिली. तेव्हापासून तो आज आपण पाहतो तसा लोकांच्या डोळ्यांत बसला आणि भेटवस्तू आणणारा नाताळबाबा पण झाला. त्याआधीचा टोमटे म्हणजे अंगावर कामाचे कपडे असलेला शेतकरी गडी.

म्हणून मी नोम घरच्या जुन्या कापडाचा करते. ज्या घरात तो बसणार, त्याच घरातलं कापड. गांधीबागेतून मीटरभर लाल मखमल आणून एका दुपारी टोप्यांची रांग लावता येते, मला ते येतं आणि कुणी मागितलं तर करूनही देते. पण तो नोम कुठल्याही घरात बसेल. राखणदार कुठल्याही घरात बसणारा नसतो. ज्या घराची राखण करायची, त्या घराचं काहीतरी त्याच्या अंगावर पाहिजे.

आमच्या घरचा पहिला नोम मी आजेसासऱ्यांच्या सदऱ्यातून केला. ते एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केलेली ती मिल. आता तिथे मॉल आहे आणि माझी मुलगी तिथे सिनेमाला जाते. आजेसासऱ्यांच्या वेळी अर्ध्या नागपूरच्या घरांत भोंग्यावर चूल पेटायची. त्यांचा मिलच्या कापडाचा सदरा सासूबाईंनी ट्रंकेत घडी घालून ठेवलेला होता. बगलेत विरलेला, पाठीकडून मात्र अजून टणक. पाठीतून अंग निघालं, बाहीतून टोपी. कॉलरच्या आत मिलचा शिक्का पुसट दिसत होता, तो भाग मी टोपीच्या कडेला आणला. सासूबाई म्हणाल्या, "टोपी मोठी कर, मामंजींना कान झाकून घ्यायची सवय होती."

मागच्या डिसेंबरात सदरच्या एक काकू आल्या. पिशवीत त्यांच्या मालकांचा तपकिरी स्वेटर. काका त्याच वर्षी गेले होते. दोन नातवंडं पुण्यात, एक हैदराबादला, तिघांना काहीतरी द्यायचं होतं. "याचं काही होईल का जी ताई? कुणाला अंगात घालायला देववत नाही आणि बोहारणीला द्यायला हात होत नाही."

मी म्हटलं, "काहून नाही होणार? तिघंही निघतील यातून."

पुरुषाच्या स्वेटरची बाही म्हणजे जवळपास तयार टोपी. खांद्याकडे रुंद, मनगटाकडे निमुळती. खांद्याची बाजू नोमच्या डोक्यावर येते, मनगटाची पट्टी काढून टोक शिवून टाकायचं. दोन बाह्यांच्या दोन टोप्या झाल्या. तिसरी पुढच्या भागातून, खिशासकट. त्या खिशात मी नंतर संत्र्याच्या दोन गोळ्या ठेवून दिल्या. विणलेल्या कापडाला कात्री लावायच्या आधी एक काळजी घ्यावीच लागते. जिथे कापायचं त्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी आधी झिगझॅग टीप मारायची, मग मधून कापायचं. नाहीतर एक घर सुटतं आणि बघता बघता ओळच्या ओळ उकलत जाते. पातळ स्वेटर असेल तर मागून चिकट बक्रम इस्त्रीने बसवायचं, पण टोपीच्या वरच्या अर्ध्या भागाला नको. टोक थोडं लोळलं पाहिजे.

उजव्या बाहीच्या कोपरावर रफू होतं. काका सरकारी ऑफिसात होते, टेबलावर कोपर टेकून टेकून तिथली वीण विरली होती आणि काकूंनीच कधीतरी ते भरलं होतं. तपकिरी तपकिरीशी जुळला नव्हता. मूळ रंग चहाचा, रफूची लोकर जरा लालसर. आडवे दोरे आधी, मग त्यांतून एक वर एक खाली करत उभे. मी दिव्याखाली धरून पाहिलं. एकही दोरा ओढलेला नव्हता, कडेला प्रत्येक फेरी थोडी सैल सोडलेली, म्हणजे धुतल्यावर आकसून भोक पडू नये. असं रफू आता बाजारात पैसे देऊनही मिळत नाही. काकू म्हणाल्या, "तो भाग मागं घ्या जी, वाईट दिसेल." मी तो नाकाच्या बरोबर वर, पुढ्यात घेतला. नाताळनंतर त्या फोनवर सांगत होत्या की तिन्ही नातवंडं त्याच नोमसाठी भांडली आणि शेवटी तो हैदराबादला गेला.

आता करायची रीत सांगते, कारण अनेकजणी विचारतात.

साध्या कापडाच्या टोपीला वर्तुळाचा सहावा हिस्सा पुरतो. 30 सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ खडूने आखा आणि त्याचे पोळीच्या तुकड्यांसारखे सहा भाग करा. एका भागाची गोल कड साधारण 31 सेंटिमीटर येते. दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर शिवणीची माया गेली की 29 उरतात. खालचं अंग 9 सेंटिमीटर व्यासाच्या बुडावर उभं केलं तर त्याचा घेर 28. वरचा एक सेंटिमीटर दाढीच्या जाडीला लागतो. वर्तुळाचा चौथा हिस्सा घेऊ नका; कड 47 सेंटिमीटर होते आणि टोपी नोमच्या खांद्यावर येऊन पडते. नऊवारीसारखं पातळ कापड असेल तर टोपी उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपी कापा, टोकाला छान वळण येतं. आत अस्तर घाला, जुन्या चादरीचं चालतं.

बुडाशी वजन पाहिजे, नाहीतर पंखा लागला की नोम आडवा. बरेच जण तांदूळ भरायला सांगतात. नागपूरच्या पावसाळ्यात तांदळाला सोंडे लागतात, आणि वर्षभर कपाटात ठेवायच्या वस्तूत ते नकोच. मी वाळू घेते. चाळून, पाणी निवळेपर्यंत धुऊन, मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर कडकडीत वाळवून डब्यात भरून ठेवते. आपल्या उन्हाचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही. ती मांजरपाटाच्या दुहेरी पिशवीत भरायची, दुहेरी टिपेने तोंड बंद करायचं, मग ती पिशवी बुडाशी. मांजरपाट आधी धुऊन घ्या, खळ निघाली की विण घट्ट बसते आणि वाळू झिरपत नाही.

वाळूच्या वर रुई. फायबर हलकं आणि फुगीर असतं, टोपीत तेच बरं. पण अंगात मला रुई लागते. जुन्या गादीची, पिंजून घेतलेली. कापसाच्या मुलखात राहून नोमच्या पोटात प्लास्टिकचे धागे का भरायचे? रुई दाबून बसते, नोमला जडपणा येतो, हातात घेतला की कुणाला तरी उचलल्यासारखं वाटतं. भरताना चिमूट चिमूट भरा, आधी कडेने, मग मधे. एकदम गोळा कोंबला की बाहेरून गाठी दिसतात.

नाकाला 7 सेंटिमीटरची चकती. कडेने दुहेरी दोऱ्याचा धावदोरा, मधे रुई गच्च, दोरा ओढून गाठ. कापड अंगाच्या रंगाचं असतं. बाजारच्या बहुतेक नोमांचं नाक गुलाबी असतं. मी आपल्याकडच्या रंगांचं करते, गव्हाळ, सावळं, काळंसावळं. गिऱ्हाइकाला विचारून. एका बाईंनी त्यांच्या वडिलांसाठी मागितला तेव्हा ब्लाउजपिसांच्या कतरणीतून चार रंग हाताला लावून पाहिले आणि बरोबर कॉफी रंगाचा तुकडा निवडला.

दाढी ही खरी मजा. फरचं कापड घेतलं तर कात्री कधीही वरून चालवायची नाही. कापड उलटं करा, मागच्या विणीवर रेष आखा आणि कात्रीच्या फक्त टोकाने, किंवा ब्लेडने, तेवढी वीणच कापा. केस अखंड राहतात आणि कड झाडूसारखी छाटलेली दिसत नाही. केसांचा कल खाली आला पाहिजे हे कापायच्या आधी हात फिरवून पाहा.

पण माझ्या आवडीची दाढी अंबाडीच्या वाखाची. आमच्याकडे पोळ्याच्या आधी बैलांच्या नव्या दोरांसाठी वाख विकायला येतो. माझा मामा सावनेरकडचा, त्याच्याकडून मी पेंडीभर आणवते. आणताना तो राठ असतो. कोमट पाण्यात थोडा भिजवायचा, हाताने चोळायचा, सावलीत वाळवायचा आणि मग जुन्या रुंद दातांच्या फणीने खालून वर थोडा थोडा विंचरायचा. फणीत आखूड तुटके धागे येत राहतात आणि हातात लांब, चमकदार, फिक्या सोन्याच्या रंगाचे उरतात. ऊन पडलं की तो रंग असा झळकतो की कुठलंही विकतचं फर त्याच्यापुढे उभं राहत नाही. जुडी मधोमध दुमडायची, दुमडीवर पट्टी ठेवून मशीनची टीप दोनदा मारायची आणि ती पट्टी अंगाच्या वरच्या कडेला शिवायची. त्यावर नाक, नाकावर टोपी. टोपी शेवटी हातशिलाईने, मागून सुरू करून. पुढे आलं की नाकाच्या दोन्ही बाजूंना टाका जरा जवळ जवळ, म्हणजे टोपी नाकावर नीट टेकते. नोमचा सगळा चेहरा त्या टेकण्यावर आहे. अर्धा सेंटिमीटर वर बसली तर तो चकित दिसतो, खाली आली तर झोपलेला. मी टाचण्या लावून समोर ठेवते, स्वयंपाकघरात जाऊन येते, परत पाहते आणि मगच शिवते.

गोंद वापरू नका, एवढं मात्र कळकळीने सांगते. गरम गोंदाने चिकटवलेले नोम डिसेंबरात ठीक असतात, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि बंद कपाटात नाक गळून पडतं. पोरांनी वर्षभर जपून ठेवलेली वस्तू अशी निघाली की त्यांचा जीव खट्टू होतो. शिवलेलं नाक राहतं.

आता छावणीतल्या आमच्या गल्लीत नाताळच्या आदल्या संध्याकाळी बहुतेक खिडक्यांत एक तरी नोम असतो, ज्यांच्या घरी नाताळ नाही त्यांच्याही. पोरं त्याच्यापुढे वाटीत खीर ठेवतात. संत्र्याचे दिवस असतात, म्हणून सोललेलं संत्रं पण असतं. लोणी वर दिसलंच पाहिजे यावर माझ्या धाकट्या पुतण्याचं बारीक लक्ष असतं. आमच्याकडे गाय नाही, पण तो धोका पत्करायला तयार नाही.

यंदाच्या ढिगात एक शाळेचा ट्यूनिक आहे. मुलगी शिकायला बंगळुरूला गेली, आईने खिशावरच्या शाळेच्या पट्टीसकट आणून दिला. एका आजोबांनी स्वतः येऊन बायकोची सुती नऊवारी दिली, काठ हिरवा. त्यांना टोपीपेक्षा दाढीची चिंता जास्त होती, बाईचा नोम आहे तर दाढी कशी. दोन वेण्या घालणार आहे, वाखाच्याच, टोकाला त्याच काठाच्या फिती.

तुम्हाला करून हवा असेल तर कापड 10 डिसेंबरच्या आत आणा, नंतर लग्नाचे ब्लाउज मला उसंत देत नाहीत. धुऊन आणा, इस्त्री नको. डांबराच्या गोळ्यांचा वास असेल तर आधी दोन दिवस उन्हात ठेवा. बटणं, खिसे, शिक्के, नावाच्या पट्ट्या, रफू, ठिगळ यांतलं काहीही काढून आणू नका. आणि कापड कुणाचं ते एका चिठ्ठीवर लिहून टाचणीने लावून द्या, कारण टोपी कशी बसवायची ते मी त्यावरून ठरवते.